भोपाळला कोण जाणार

आश्विनातला रविवार होता. दुपार अशी तापली होती की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली कुत्रीही ओसरीखालून हलायला तयार नव्हती, आणि माधवराव मात्र बाहेरच्या खोलीत पलंगावर गळ्यापर्यंत रजाई ओढून पडले होते. नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब लोंबत होता. समोर खुर्चीच्या कडेला गोविंद कागद मांडीवर घेऊन बसला होता.

"काका, ताप आहे का?"

"ताप नाही रे. बेकारी आहे."

"बेकारी? कालच तर तुम्ही सायकलवरून कचेरीत जाताना दिसलात."

"हवा खायला गेलो होतो."

"डबा घेऊन?"

"हवा खाल्ली की भूक लागते माणसाला. तू लिही. माधवराव, कामधंदा काही नाही."

गोविंदने टोपण काढलेली लेखणी पुन्हा टोपणात घातली. भावी सासऱ्याला खोटं पाडावं, असे संस्कार त्याच्यावर झालेले नव्हते. आणि या सगळ्या घोटाळ्याचं मूळ नेमकं त्याच संस्कारात होतं.

गोविंद दिल्लीहून निघालेल्या कामधंद्याच्या पाहणीत लागला होता. या पाहणीची खुबी अशी की चिठ्ठ्या टाकून गल्ल्या एकदाच निवडायच्या आणि मग तिथल्या त्याच घरी जाऊन, त्याच माणसांना, दर काही महिन्यांनी तेच प्रश्न विचारायचे. गेल्या आठवड्यात काय काम केलं? कोणाकडे केलं? दिल्लीच्या विद्वानांना वाटलं, यातून देशाची नाडी हाती लागेल. ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की तो पहिलं उत्तर सुधारून देतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

चिठ्ठी निघाली ती माधवरावांच्या गल्लीची. गोविंदची नोकरी हंगामी होती. पाहणी नीट पार पडली तर कायम, नाही तर घरी. आणि माधवरावांनी आपल्या मुलीच्या, शामलेच्या बाबतीत त्याला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "मुलगा म्हणून तू पसंत आहेस. पण आधी कायम हो. हंगामी जावई आमच्या घराण्यात झाला नाही." शामला दाराआड उभी होती. ती म्हणाली, "तो पक्की बात ना, बाबा? मग फिरायचं नाही हं."

चैत्रातली पहिली फेरी मोठ्या थाटात झाली. दिल्ली जुन्या दरबारी माणसांना पुन्हा मानमरातब देणार, अशी तेव्हा आवई होती. त्यामुळे गल्लीत बिनकामाचा माणूस औषधालाही सापडेना. माधवरावांच्या घराण्याकडे दरबारात अत्तरगुलाब द्यायचं काम. संस्थान विलीन झालं तसं त्यांना एका कचेरीत आवकजावकीच्या टेबलावर बसवलं होतं. तिथेही ते टपालाचा कागद असा नजाकतीने पुढे करत की घेणाऱ्याने नकळत मनगट पुढे करावं. त्यांनी आपली नोकरी सांगायला पाऊण तास घेतला.

शेजारचे दौलतसिंह एका गिरणीच्या फाटकावर पहारा करत, पण घराणं पागेचं. "लिहून घे, घोडदळ," ते म्हणाले.

"आणि घोडा?"

"घोडा संस्थानाबरोबर विलीन झाला. स्वार शिल्लक आहे."

फक्त बायकांच्या रकान्यात काही आलं नाही. "आमच्याकडे बायका काम करत नाहीत," माधवराव म्हणाले तेव्हा आतल्या खोलीतून शिवणयंत्राची खडखड अखंड चालू होती. गोविंदने कान टवकारले.

"उंदीर आहेत," माधवराव म्हणाले.

"यंत्रासारखा आवाज येतोय, काका."

"मोठे आहेत."

ही गोष्ट खरी की माधवरावांच्या पत्नी अनसूयाकाकू टोपी बाजारातल्या एका दुकानदारासाठी पांढऱ्या टोप्या शिवत. राज्य बदललं तशी पगडीची जागा टोपीने घेतली आणि शिवणाऱ्याला उसंत राहिली नाही. माधवराव स्वतः पगडी घालत, आणि त्या पगडीखालचं डोकं टोप्यांवर जेवतं हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पण दरबारी माणसाला काय ठाऊक असावं आणि काय नसावं, याचेही काही रिवाज असतात.

मग श्रावण आला आणि दुसरी हवा सुटली. मध्यभारत राज्य नोव्हेंबरात बुडणार, नवं राज्य होणार आणि राजधानी भोपाळ! कचेऱ्या तिकडे जाणार, कारकूनही तिकडे जाणार. गल्लीत हाहाकार झाला. कोणी म्हणे तिथल्या तलावाच्या वाऱ्याने सांधे धरतात. कोणी म्हणे तिथे सत्यनारायणाला भटजी मिळत नाही, इंदूरहून आणावा लागतो. एका संध्याकाळी चहा घेता घेता माधवरावांनी गोविंदला सहज विचारलं, "तुझी ती पाहणी रे, कामावर कोण कोण आहे ते बघून भोपाळला कोणाला न्यायचं, तेच ठरवायला ना?"

गोविंदच्या तोंडात चकलीचा घास होता. 'नाही' म्हणावं तर वडीलधाऱ्याचं बोलणं मोडल्यासारखं होतं, तेही भावी सासऱ्याचं आणि त्यांचीच चकली खात असताना. तो नम्रपणे म्हणाला, "असेल, काका."

दिवेलागणीच्या आत 'असेल' गल्लीच्या दुसऱ्या टोकाला 'आहे' होऊन पोचलं. दिल्लीच्या माणसाने स्वतः सांगितलं म्हटल्यावर शंका कसली?

म्हणून आश्विनात, दुसऱ्या फेरीला, अख्खी गल्ली बेकार झाली होती. दौलतसिंह गिरणीचा खाकी गणवेश अंगात, शिट्टी गळ्यात, लाठी हातात अशा थाटात दारात भेटले आणि म्हणाले, "अरे गोविंदा, खाटेवर पडून असतो बघ. हात हलवत नाही."

"मग ही शिट्टी?"

"छंद आहे."

गोविंदचा नाइलाज होता. माणूस सांगेल ते लिहायचं, हा पाहणीचा नियम. पण दुसराही एक नियम होता. ज्या घरात कोणीच कमावत नाही तिथे विचारायचं, मग घर चालतं कशावर? त्याने रजाईतल्या माधवरावांना तो प्रश्न केला. माधवरावांनी छताकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. आतली खडखड थांबली आणि अनसूयाकाकू बाहेर आल्या. पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले.

"माझं लिही," त्या म्हणाल्या. "टोप्या शिवते. सकाळी स्वयंपाक उरकला की बसते ते दिवे लागेपर्यंत."

"अगं, घराण्याची अब्रू!" रजाईतून आवाज आला.

"मग घराण्याला पाठवा भोपाळला. मी डबा भरून देते."

माधवरावांनी तागडीच्या एका पारड्यात अब्रू घातली, दुसऱ्यात भोपाळ घातलं. भोपाळाचं पारडं जमिनीला टेकलं. "लिही रे," ते म्हणाले. "बायकांना कोण नेतंय भोपाळला!"

ही युक्ती गल्लीला पसंत पडली. दौलतसिंहांच्या शांताताई पापड लाटून विकत, ते लिहिलं गेलं. पलीकडच्या घरातल्या उषाताई पोरांच्या शिकवण्या घेत, ते लिहिलं गेलं. चैत्रात ज्या गल्लीत एकही बाई काम करत नव्हती, तिथे आश्विनात एकही पुरुष काम करत नव्हता. गोविंदने देवाचं नाव घेऊन कागद दिल्लीला धाडले.

दिल्लीत ते ज्यांच्या टेबलावर पडले ते साहेब हादरले म्हणतात. पूर नाही, दुष्काळ नाही, संप नाही, आणि उभ्या गल्लीतले पुरुष एका पावसाळ्यात बेकार! एक तर ग्वाल्हेरात प्रलय झाला असावा, नाही तर पाहणीवाल्याने झाडाखाली बसून कागद भरले असावेत. साहेब स्वतः तपासायला निघाले.

गोविंद ती बातमी घेऊन धावत माधवरावांकडे आला. "काका, साहेबांना खरं सांगा. नाही तर माझी नोकरी गेलीच."

"आणि खरं सांगितलं तर मी भोपाळला गेलोच. तुझी नोकरी दुसरी मिळेल, मला ग्वाल्हेर दुसरं मिळेल का?"

"बाबा," शामला म्हणाली, "इनकी नोकरी गई तो आमचं लग्न कसं होणार? तुम्हीच तर कायमची अट घातलीत!"

"मग यानेच 'असेल' कशाला म्हणायचं?"

माधवरावांनी कचेरीत आजारपणाची रजा टाकली आणि साहेब कधी येतील याचा नेम नसल्याने आठवडाभर रजाईतच मुक्काम ठोकला.

साहेब आले. चष्मा, धोतर, मृदू आवाज. माणूस मोठा सभ्य होता. पलंगाशी बसून त्यांनी विचारलं, "आप कब से बेकार हैं?"

"बरसों से," माधवराव क्षीण आवाजात म्हणाले. "जब से रियासत गई."

"पिछली बार तो आपने नौकरी बताई थी?"

"वो अरमान था, साहब."

साहेबांनी चष्म्यावरून गोविंदकडे पाहिलं. गोविंदने शामलेकडे पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले. एवढ्यात दारात सायकल आदळली आणि माधवरावांच्या कचेरीतला चपराशी कान्होजी धापा टाकत आत घुसला. त्याला ना साहेबांची ओळख ना पाहणीची.

"माधवराव, उठा! आपली कचेरी इथंच राहतेय, हुकूम आला! बडे बाबू आत्ता हजेरी घेतायत. जे हजर त्यांना ग्वाल्हेर, जे गैरहजर त्यांना भोपाळ!"

रजाई उडाली ती थेट साहेबांच्या डोक्यावर. आतून माधवराव निघाले ते लांब कोट, धोतर, पायमोजे आणि बूट घातलेले. न जाणो कचेरीतून बोलावणं आलं तर, म्हणून ते आठवडाभर असेच झोपत होते. खुंटीवरची पगडी त्यांनी पळता पळता डोक्यावर घातली आणि कान्होजीच्या सायकलवर मागे बसून ते दिसेनासे झाले.

साहेब रजाईतून बाहेर आले. चष्मा नीट केला. मग आतली खडखड पुन्हा सुरू झाली.

"ये क्या है?" साहेबांनी विचारलं.

गोविंद त्यांना आत घेऊन गेला. काकू यंत्रावर होत्या, शेजारी टोप्यांची पांढरीशुभ्र चळत. साहेबांनी खाली बैठक मारली. कोणासाठी शिवता, कधीपासून, दिवसाचा किती वेळ, सगळं विचारलं. काकूंनी टोपीची शिवण न थांबवता सगळं सांगितलं. मग ते शांताताईंच्या पापडांकडे गेले, उषाताईंच्या पोरांकडे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"गोविंदजी, पूरे मुल्क में औरतों का कॉलम कोरा आता है. आपने पहली बार भरा. मगर पहले फेरे में क्यों नहीं लिखा?"

"तब चूहे थे, साहब," गोविंदच्या तोंडून गेलं.

साहेबांना ते कळलं नाही, पण सभ्य माणूस असल्याने त्यांनी मान डोलावली. "और इनके पति का क्या लिखें?"

"बेकारच राहू द्या," काकू म्हणाल्या. "आठवडाभर रजाईत होते, मी डोळ्यांनी पाहिलंय."

दिवाळी होऊन गेली आणि गोविंद पेढे घेऊन आला. माधवरावांनी एक पेढा तोंडात टाकला. "कायम?"

"कायम, काका."

"शाबास! शब्द म्हणजे शब्द. मुहूर्त काढतो. आणि कचेरी कुठे तुझी? इथंच, बाड्याच्या चौकात?"

गोविंदने पायाच्या अंगठ्याने फरशी उकरली. "भोपाळला, काका."

पेढा घशात अडकला. काकूंनी पाठीत दोन धपाटे घातले तेव्हा खाली उतरला. माधवरावांना बरंच काही बोलायचं होतं, पण शामला आधीच ट्रंक काढायला आत गेली होती.

लग्न थाटात झालं. मुलीला नव्या गावी घर लावून द्यायला म्हणून काकू बरोबर निघाल्या आणि शिवणयंत्रही निघालं. नव्या राजधानीत इतके नवे मंत्री आणि इतकी उघडी डोकी की काकूंना ग्वाल्हेरला परतायला सवडच होईना. इकडे माधवराव सकाळी स्वतः स्टोव्ह पेटवत, करपलेल्या भाताचा डबा सायकलला अडकवत आणि कचेरीत जात. दौलतसिंह फाटकावरून हाक मारून विचारत, "काय माधवराव, वहिनी कधी येणार?"

माधवराव सायकलवरून उतरत, पगडी सारखी करत आणि गंभीरपणे सांगत, "मी म्हणत नव्हतो? तुम्हा लोकांना अफवा वाटली. सरकारी कागदावर या घरातलं एकच माणूस कामाचं निघालं, आणि दिल्लीने बरोबर तेवढंच उचलून भोपाळला नेलं."