दारातल्या चपला

"नागपूरचा साहेब आधी माणसं पाह्यते, मंग पैसा लावते," एवढं बोलून नारायणरावांनी जीप नांदुरा स्टेशनकडे पिटाळली.

जमिनीखालचं तेल शोधणारी त्यांची कंपनी मोताळ्याजवळच्या एका गावात, भाड्याच्या घरात होती. फोनवर त्यांनी साहेबांना पंचवीस माणसं सांगितली होती. होती तीन. खडक वाचणारी प्रेरणा, मशीन चालवणारा कलीम आणि झाडलोट, चहा पाहणारी गोजरबाई. मेश्राम साहेब भागीदार झाले नाहीत तर पगार झेपणार नव्हते. कलीम आणि गोजरबाई घरी बसणार होते.

"दारात चपला मांड," गोजरबाई कलीमला म्हणाली. "आतली माणसं कोण मोजून राह्यलं?"

कलीमच्या मामूचं चपला दुरुस्तीचं दुकान होतं. त्यानं तिथून पोतंभर चपला आणून उंबऱ्याबाहेर ओतल्या. मग दार लोटून तो आणि प्रेरणा आत बसले, मोठी मीटिंग चालल्यासारखे, अगदी चिडीचूप.

भल्या सकाळी भरधाव गेलेली जीप, दारात चपलांचा ढीग आणि आतून आवाज नाही. गावाला याचा एकच अर्थ ठाऊक होता. शेजारच्या सिंधूताई डोक्यावर पदर घेऊन आल्या. त्यांच्यामागे आळी आली. गोजरबाईनं विचार केला, खरं सांगावं तर साहेबासमोर बिंग फुटायचं, आणि अंगणात ओळीनं बसलेली माणसं तर कंपनीचीच वाटत होती. तिनं एवढंच म्हटलं, "बसा, पण गप बसा."

मग काय, खात्रीच पटली.

तेवढ्यात जीप आली. नारायणरावांचं प्रेत दवाखान्यातून आणलं, या समजुतीनं सिंधूताईंना राहवेना. तोंडावर पदर ओढून त्यांनी सूर लावला.

"साहेब तोच वं माय, डायवर तोच,
तीन माणसांची कंपनी, मिरवे पंचवीसाची.
भुईले भोकं पाडे, तेलाचा थेंब ना दिसे,
गोजरीले पगार आधी, मंग घरी भाजी..."

जीपमधून उतरलेले नारायणराव पांढरेफटक पडले. ते काही बोलणार तोच मेश्राम साहेबांनी हातानं थांबवलं आणि कान देऊन ऐकत राहिले. एव्हाना अंगणातल्या निम्म्या लोकांनी नारायणरावांना पाहिलं होतं. सिंधूताईंना मात्र कोणीतरी कोपर मारलं तेव्हा कळलं. त्यांनी पदर सारला, वर पाहिलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, "आले का? आधी सांगाव न."

साहेबांनी बूट काढून त्याच ढिगात ठेवले. "नारायणराव, एवढी खरी माहिती कागदावर मिळत नाही. पुढची बोअर आपण मिळून घेऊ. पण आहेत त्यातलं एकही माणूस कमी करायचं नाही. वाढवायचं ते तेल लागल्यावर."

गोजरबाईनं सगळ्या आळीचा चहा टाकला. लोक पांगले. नारायणराव मात्र सिंधूताईंच्या मागे मागे फाटकापर्यंत गेले आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "ताई, भाजीच्या पुढं काय होतं वं?"

"होतं लय," सिंधूताई चपला शोधत म्हणाल्या. "पण ते आता तुम्ही खरंच गेल्यावर."