सोळा विहिरी आणि एक परिपत्रक

संशोधन हे सूक्ष्मदर्शकानं होत नाही, पत्रव्यवहारानं होतं, हे धाम-बोर विद्यापीठाच्या डॉ. लक्ष्मणराव थूल यांचं तीस वर्षांच्या चिंतनातून आलेलं मत होतं. तीस वर्षं त्यांनी फक्त पत्रव्यवहारच केला असल्यामुळे या मताविरुद्धचा पुरावा त्यांच्यापाशी नव्हता.

त्यात यंदा विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदाच दोन परदेशी विद्यार्थी सहा आठवड्यांच्या संशोधनासाठी वर्ध्यात आले. दोघंही फिनलंडच्या एका विद्यापीठातले. आयनो तिथलीच, थियागो मूळचा ब्राझीलचा. समुद्रपूर तालुक्यातल्या सोळा विहिरींचं पाणी घ्यायचं आणि त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव किती आणि कोणते राहतात ते मोजायचं, एवढं साधं काम. यजमान म्हणून लक्ष्मणरावांची नेमणूक झाली.

लक्ष्मणरावांना पाण्यातल्या जीवांबद्दल फार आस्था होती असं नाही. त्यांची आस्था कराराच्या सातव्या कलमाशी होती. काम नीट पूर्ण झालं, तर यजमानांकडच्या एका व्यक्तीला फिनलंडचं विद्यापीठ तीन महिने बोलावणार होतं! ती व्यक्ती कोण, याबद्दल लक्ष्मणरावांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. नागपूरहून त्यांनी लोकरीचे आतले कपडे आणले आणि सवय व्हावी म्हणून ऐन ऑक्टोबरात घरात घालून बसायला सुरुवात केली.

"अंगभर घामोळ्या फुटल्या तुमाले," पत्नी छायाताई म्हणाल्या, "अन् म्हने फिनलंड!"

"छाया, तयारी म्हणतात याला."

तयारीचाच भाग म्हणून त्यांनी सोळाही ग्रामपंचायतींना पत्र धाडलं. परदेशी संशोधक अमुक तारखेस आपल्या गावच्या विहिरीस भेट देत आहेत, तरी योग्य ते सहकार्य करावे. खाली सही आणि गोल शिक्का. शिक्का त्यांनी दोनदा मारला. पहिला जरा फिका उमटला होता.

पहिलं गाव चिचमांडवा. विद्यापीठाची जीप घेऊन ड्रायव्हर तानबा वेशीवर पोचला आणि त्यानं आपणहून ब्रेक दाबला.

"सर, गाव तेच हाय न? मी मागच्या महिन्यात आलतो, तवा ही विहीर अशी नोती."

विहिरीला पांढराशुभ्र चुना दिला होता. कठड्यावर गेरूचा पट्टा, भोवती रांगोळी, वर झेंडूचं तोरण. सरपंच आनंदाबाई नव्या लुगड्यात उभ्या होत्या. त्यांच्या मागे अख्खं गाव.

"या जी, या! पोरी, ये. लय दुरून आली, वाळून गेली पाय कशी!"

आयनोला शाल मिळाली, थियागोला टोपी, दोघांना एकेक नारळ. मग गावानं प्रश्न विचारायला सुरुवात केली. तुमच्याकडं कपाशी होते का? नाही होत? मग शेतात काय करता? सूर्य महिनाभर निघतच नाही म्हणता, तर मग कोंबडा कवा आरवते? आयनो प्रत्येक प्रश्नावर विचारात पडत होती. कोंबड्याचं तर तिनं वहीत लिहून घेतलं.

दीड तासानं थियागोनं विहिरीत बाटली सोडली. बाटली वर आली तसा सगळ्यांच्या नाकात दवाखान्याचा वास शिरला.

"आनंदाबाई, पाण्यात काय टाकलंत?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"टीसीएल टाकली न सर, जंतू माराची पावडर. पोतंभर! बेडकं होते सात-आठ, ते पोरायनं टोपल्यात घालून नाल्यावर सोडून आनले. तुमचं पत्र आलतं न! पावन्यायले घान पानी दाखवाव काय?"

संध्याकाळी प्रयोगशाळेत आयनोनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. अर्धा तास ती हलली नाही. मग म्हणाली, "झिरो."

"झिरो म्हणजे किती?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

दुसऱ्या गावात झिरो. तिसऱ्या गावात थियागो एकदम ओरडला, काहीतरी दिसतंय! सगळे धावले. ती रांगोळीची कणी निघाली. चिचमांडव्याच्या तोरणाची बातमी फोनवरून पुढं पळत होती, त्यामुळे चौथ्या गावानं तोरण अधिक बँड असं स्वागत केलं आणि पावडर दोन पोती टाकली. त्या पाण्याकडं नुसतं पाहिलं तरी डोळे चुरचुरत होते.

फिनलंड हळूहळू लांब जाऊ लागलं. लक्ष्मणराव मात्र खचणारे नव्हते. पत्रानं बिघडलेलं पत्रानंच दुरुस्त होतं! त्यांनी लगोलग दुसरं परिपत्रक काढलं : भेटीपूर्वी विहिरीची कोणतीही साफसफाई करू नये.

आता, साफसफाई करू नका असं शिक्क्यानिशी सांगणारा कागद तालुक्यात आजवर कोणीच पाहिला नव्हता. गावोगावच्या चावडीवर तो तीन-तीनदा वाचला गेला. कैलास नावाच्या एका ग्रामसेवकानं शेवटी उलगडा केला.

"हे जाळं हाय, भाऊ. स्वच्छतेची तपासनी हाय अन् आपल्याले गाफील ठेवून राह्यले. जे साफ करनार नाई, त्यायलेच धरतीन!"

झालं! उरलेल्या गावांनी विहिरी दोन-दोनदा धुतल्या. एका गावानं तर मोटार लावून विहीर तळापर्यंत उपसली आणि टँकरनं भरली. वरून लग्नात ठेवतात तशा गार पाण्याच्या सहा कॅन ओतल्या. "पिऊन पाहा सर," तिथले सरपंच म्हणाले, "गारेगार!"

बारा गावं झाली, बारा झिरो. सहापैकी चार आठवडे संपले. मग लक्ष्मणरावांनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. ते पत्र न पाठवता निघाले.

सोळांच्या यादीत नसलेल्या वाकडसावंगीची विहीर शेवाळानं हिरवीगार होती. कठड्यावर बेडूक बसला होता. तो पाहून आयनोच्या डोळ्यांत पाणी आलं. थियागोनं बाटली काढली, आणि तेवढ्यात रूपराव नावाचे एक म्हातारे काठी टेकत आडवे आले.

"ओ भाऊ! काय टाकून राह्यले विहिरीत?"

"टाकत नाही हो बाबा, काढतो आहोत! पाणी!"

"मंग तं अजूनच. अख्ख्या दुनियेतलं पानी सोडून आमचंच काऊन काढता? पत्र कुठी हाय?"

"कसलं पत्र?"

"बाकीच्या गावायले आलं न. शिक्क्याचं. दोन-दोन आले! आमाले काऊन नाई?"

आतापर्यंत पंचवीस माणसं गोळा झाली होती. ज्या माणसानं हयातभर पत्रंच लिहिली, त्याच्या खिशात त्या दिवशी पेट्रोलची पावती तेवढी होती. लक्ष्मणरावांनी ओळखपत्र दाखवलं. रूपरावांनी ते उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"शिक्का नाई."

चहा मात्र झाला. दोनदा झाला. निरोप देताना रूपरावांनी लक्ष्मणरावांच्या खांद्यावर हात ठेवला. "नाराज नोका होऊ सर. तुमी फक्त पत्र पाठोजा. मंग विहीर कशी चकाचक करून ठेवतो, पायजा!"

परतीच्या वाटेवर तानबा म्हणाला, "सर, एक सांगू? रागावजा नोका. गावात पावना येनार हाय हे पावन्यानंच आधी सांगतलं, तं दोष गावाचा नाई."

आयनोनं त्याचा अर्थ विचारला. लक्ष्मणरावांनी नाइलाजानं सांगितला. ती एकदम वळून म्हणाली, "पण हे त्यांनी केलं कसं?"

तिच्या देशात एका गावाचं पाणी शुद्ध करायचं, तर आधी समिती बसते आणि दोन वर्षांनी उठते. इथं एका कागदावर बारा गावांच्या विहिरी चार आठवड्यांत जंतुमुक्त झाल्या होत्या! हे कोण करतं, कोण कोणाला फोन करतं, पावडर किती, बादल्या कोणाच्या? जीव मोजण्यापेक्षा हेच मोजायचं तिनं ठरवलं.

उरलेले दोन आठवडे ती आणि थियागो आनंदाबाईंच्या ओसरीवर बसून होते. आनंदाबाई सांगत होत्या, बचत गटाच्या बायांना सकाळी एक फोन गेला की दुपारपर्यंत साठ बादल्या कशा निघतात, आणि न येणाऱ्या घरी चहाच्या निमित्तानं आपण स्वतः कसं जाऊन बसतो. "बोलाचं काई नाई. नुसतं बसाचं. दुसऱ्या कपाले मानूस उठतेच." लक्ष्मणराव भाषांतर करत होते. मनातून त्यांना हे संशोधन वाटत नव्हतं, पण काम पूर्ण होत होतं, आणि सातव्या कलमात फक्त पूर्ण होण्याची अट होती.

अहवाल गेला. नोव्हेंबरात फिनलंडहून मेल आली. लक्ष्मणरावांनी छायाताईंना खुर्चीवर बसवून ती मोठ्यानं वाचली. अहवाल अतिशय आवडला... काम समाधानकारकरीत्या पूर्ण... सातव्या कलमान्वये यजमानांकडच्या त्या व्यक्तीला आम्ही सन्मानपूर्वक निमंत्रित करतो, जिनं हे प्रत्यक्ष घडवून आणलं...

इथं लक्ष्मणराव थांबले.

"वाचा न," छायाताई म्हणाल्या.

"श्रीमती आनंदाबाई," लक्ष्मणरावांनी वाचलं.

दोन दिवस ते विद्यापीठात गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांना मेलची शेवटची ओळ दिसली : सोबत एक दुभाषा आणता येईल. ते तसेच उठले आणि तानबाला घेऊन थेट चिचमांडव्याला गेले. आनंदाबाई शेतात होत्या. कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या.

"आनंदाबाई, विमानानं जायचं! मी सोबत असेन. बोलायची काळजी नाही, खाण्याची नाही. तुम्ही फक्त हो म्हणा."

"किती दिवस जी?"

"तीन महिने. डिसेंबरपासून."

आनंदाबाईंनी हातातला कापूस ओटीत टाकला. "अन् वेचाई?"

"कोणीतरी करेल की!"

"कोन करते सर? बाया भेटून नाई राह्यल्या." त्या पुढच्या झाडाकडं सरकल्या. "तुमीच जाऊन या न."

"मला बोलावलेलं नाही," लक्ष्मणराव म्हणाले. हे वाक्य ते पहिल्यांदाच मोठ्यानं उच्चारत होते.

"असं काय?" आनंदाबाईंना खरंच वाईट वाटलं. "मंग बसा. च्या ठेवाले सांगते."

नाव बदलून मिळत नसल्यामुळे फिनलंडमधली ती जागा त्या वर्षी रिकामी राहिली. आनंदाबाईंना एकवीस क्विंटल कापूस झाला.