तोंडानं हॉर्न देणारे तात्या

भगवानतात्या चालताना हॉर्न द्यायचे. तोंडानं. "पॉंऽऽ पॉंऽऽ" असा, एसटीच्या जुन्या गाडीसारखा जाडाभरडा. वळायच्या आधी हात आडवा काढायचे, पंजा उघडा, बोटं ताठ. थांबायचं असलं की तोच हात सावकाश वर-खाली. डोक्याला पांढरी टोपी, अंगात नेहरू शर्ट, पायात कोल्हापुरी, आणि बरोबर गाडी म्हणाल तर कुठलीच नाही. बारामतीच्या पेठेत नवखा माणूस हे बघून जागीच उभा राहायचा. मग त्याला कुणीतरी समजावून सांगायचं, "जाऊ द्या पाव्हणं. एसटीचे रिटायर ड्रायव्हर हायेत."

मग माणूस मान डोलवायचा, जसं काही त्यातून सगळा उलगडा झाला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे ही. स्टँडपासून थोड्या अंतरावर माझं एसटीडी बूथ होतं. काचेची केबिन, पिवळी पाटी, एक टेबल आणि एक स्टूल. स्टूल गिऱ्हाइकासाठी होतं, पण त्यावर तात्याच बसलेले असायचे. मूळचे निरवांगीचे. उभी नोकरी इंदापूरच्या बाजूच्या गाड्यांवर काढली. रिटायर झाले त्याच वर्षी त्यांची बायको, गौराबाई, वारली. पोटी मूलबाळ नव्हतं. गावची जमीन भाऊ करत होता, आणि तात्या माझ्या बूथमागच्या बोळात एका भाड्याच्या खोलीत राहत होते. माझ्या बूथवर इतका बसणारा माणूस, पण त्यांनी कधी फोन लावला नाही.

"तात्या, एवढ्या नोकरीत अपघात किती झाले?" असं कुणी विचारलं की ते गालात हवा भरून सोडायचे. "खरचटलं पन न्हाय."

असा माणूस निधड्या छातीचा असेल असं वाटेल. पण तात्यांसारखा भित्रा माणूस मी आजपर्यंत पाहिलेला नाही. चाक असलेल्या प्रत्येक वस्तूला ते भ्यायचे. स्कूटरला भ्यायचे, सायकलला भ्यायचे, कुल्फीच्या गाड्याला वाट द्यायचे. आणि गंमत म्हणजे धावत्या गाडीपेक्षा उभ्या गाडीला जास्त भ्यायचे.

"चालती गाडी परवडली, दिलीपराव," ते मला सांगायचे. "तिच्या मनात काय हाय ते कळतंय तरी. उभ्या गाडीचं काय? गाडी उभी हाय म्हंजे झोपलीया असं समजू नगा."

उभ्या गाडीजवळून जायचं झालं की ते आधी वाकून तिच्या खाली बघायचे. मग आत ड्रायव्हर आहे का ते बघायचे. मग दोनदा हॉर्न. आणि मगच, अंग चोरून, तिच्या बाजूनं जायचे.

इतके दिवस हे चालून जायचं, कारण आमच्या दुकानांच्या ओळीसमोर चांगला रुंद फुटपाथ होता. तात्या त्यावरून ऐटीत चालत. पण मग वरून हुकूम आला. वडापच्या जीप, म्हणजे माणसं कोंबून गावोगाव नेणाऱ्या खासगी गाड्या, एसटी स्टँडच्या जवळपास उभ्या करायच्या नाहीत. हुकूम चांगलाच होता. फक्त जीप कुठं उभ्या करायच्या ते त्यात लिहायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या जीप आमच्या फुटपाथवर.

आम्ही दुकानदार अर्ज घेऊन वाहतूक पोलिसांकडं गेलो. तात्याही आले. साहेब समजूतदार होते. म्हणाले, "हे बघा, रस्त्यावर उभ्या केल्या तर वाहतुकीला अडथळा होतो. फुटपाथवर वाहतूकच नसते. मग अडथळा कुणाला?"

तात्यांनी हात वर केला. "आन् आमी चालतो ती काय वरात हाय व्हय, साहेब?"

साहेब हसले आणि त्यांनी मधला मार्ग काढला. जीपची दोन चाकं फुटपाथवर, दोन चाकं रस्त्यावर. म्हणजे कुणाचीच तक्रार नको. तेव्हापासून आमच्या समोर जीपची एक लांबलचक रांग एका अंगावर कलून उभी राहू लागली. फुटपाथवरून जाता येईना, रस्त्यावर उतरलं की मागून ऊसगाड्या. बाजाराच्या दिवशी तर जीपमध्ये माणसं बसलेली, मागं लोंबकळलेली, आणि ड्रायव्हर चहाला. त्यात आमचा रस्ता सपाट नाही. कालव्याच्या बाजूला त्याला उतार आहे, आणि त्या उताराच्या तळाशी भाजीवाल्या बसतात.

तात्यांची झोपच गेली. बाळू नावाच्या जीपवाल्याला ते रोज टोकायचे.

"बाळू, ही गाडी हाय का लंगडी म्हस? कशी उभी हाय बघ."

"तात्या, साहेबांनीच सांगितलंय. दोन वर, दोन खाली."

"हँडब्रेक?"

"हाय की."

"लागतो का?"

"लागतो बी." बाळू आमच्याकडं बघून डोळा मारायचा. "तुमी हॉर्न द्या, म्हंजे आजून लागंल."

सगळे हसायचे. मीही हसायचो. पण तात्यांची भीती सर्दीसारखी होती, शेजारी बसलं की लागायची. हळूहळू बूथमध्ये बसल्या बसल्या माझं लक्ष त्या कललेल्या चाकांकडं जाऊ लागलं. कुणी जीपच्या मागं चढलं की गाडी कचकन हलायची, आणि मी हातातलं काम टाकून तिकडं बघायचो. गिऱ्हाईक केबिनमध्ये मोठ्यानं बोलत असायचं आणि मी बाहेरचा तो कचकन आवाज ऐकत असायचो. आमची सौ. भाजीला निघाली की मी तिला विनाकारण सांगायचो, "पलीकडच्या बाजूनं जा."

त्या गुरुवारी बाजार दणकून भरला होता. बाळूची जीप निरवांगीला जायची म्हणून भरत आली होती. आत बाया, त्यांच्या मांडीवर पोरं, पायाशी पिशव्या, मागच्या फळीवर गडी उभे. बाळू कोपऱ्यावर "निरवांगीऽ निरवांगीऽ" करून ओरडत होता. तात्या बूथमधून उठले आणि जीपला वळसा घालायला रस्त्यावर उतरले. मी केबिनचं दार पुसत होतो. मला त्यांचा हॉर्न ऐकू येत होता.

एकदम तो बंद झाला.

मी मान वर केली. मागच्या फळीवर आणखी दोघं चढले होते, आणि त्या वजनानं जीपची वरची चाकं फुटपाथच्या कडेवरून खाली घसरली होती. दण्णकन आवाज झाला. आतल्या बायांना वाटलं ड्रायव्हर आला, गाडी निघाली. एकजण तर पोराला म्हणालीसुद्धा, "नीट बस, निघाली." गाडी खरंच निघाली होती. ड्रायव्हरच्या जागेवर कुणी नव्हतं.

उतारावर गाडी आधी माणूस चालतो तशी सावकाश जाते. बघणाऱ्याला वाटतं, हातानं धरली तर थांबेल. फळीवरच्या गड्यांनी उड्या टाकल्या. तळाशी शेवंता भाजीवाली मेथीच्या जुड्या लावत होती, रस्त्याकडं पाठ करून. मी ओरडलो, पण बाजारात कोण ओरडत नाही?

तेवढ्यात तात्या धावताना दिसले. त्या वयाचा माणूस, एका हातानं टोपी धरून, जीपच्या बरोबरीनं. जीपला दार नव्हतं. त्यांनी दांडीला हात घातला, एक पाय आत टाकला आणि उरलेलं अंग कसंबसं आत ओढलं. कोल्हापुरी रस्त्यावरच राहिली. त्यांनी ब्रेक मारला. काही नाही. पुन्हा मारला. काही नाही. मग ते ब्रेकचा नाद सोडून खाली वाकले, क्लच दाबून गिअर टाकला, आणि चाक डावीकडं वळवून फुटपाथच्या दगडांना घासवलं. करकरा आवाज झाला, गाडीनं एक गचका खाल्ला, आणि थांबली. शेवंता उठून वळून बघेपर्यंत बंपर तिच्या मेथीला लागला होता.

आत एकच रडारड सुरू झाली. त्यात तात्यांचा आवाज आला. मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. शांत, जड, घाई नसलेला.

"कुनी गडबड करायची न्हाय. गाडी थांबलीया. आधी पोरं खाली द्या. मग बाया. सावकाश."

आणि खरंच सगळे सावकाश उतरले. तात्यांच्या तोंडावर भीतीची रेषसुद्धा नव्हती. बाळू धावत आला तो पांढराफटक होऊन. तो तात्यांचे पाय धरायला वाकला, पण तात्या खाली उतरले, गर्दीतून वाट काढली आणि एका पायात पायताण घालून बोळात निघून गेले. लोक टाळ्या वाजवत होते, त्यांनी वळून बघितलं नाही.

नंतर पोलीस आले, पंचनामा झाला. जीप काही दिवस मैदानात उभ्या राहिल्या आणि मग पुन्हा आमच्या फुटपाथवर आल्या. तोच नियम, दोन वर, दोन खाली. बाळूनं मात्र ब्रेक करून घेतला.

पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं. मी बूथ लवकर बंद केलं, राहिलेली कोल्हापुरी उचलली आणि तात्यांच्या खोलीवर गेलो. दार उघडंच होतं. तात्या भिंतीला टेकून बसले होते. समोर सुपात भुईमुगाच्या शेंगा. ते एकेक शेंग फोडत होते, आणि त्यांचे हात इतके थरथरत होते की निम्मे दाणे जमिनीवर पडत होते.

"तात्या, डॉक्टरला बोलवू का?"

"नगं. बसा."

मी बसलो. म्हणालो, "तात्या, तुम्ही तेव्हा भ्याला नाहीत?"

"तवा कसं भ्यायचं? मागं मानसं हायेत न्हवं."

त्यांनी आणखी एक शेंग घेतली. ती फुटेना.

"सगळी नोकरी मी भीतच केली, दिलीपराव. पन मागं गाडीभर मानसं. डायवरच भ्याला तर त्यांनी कुनाच्या तोंडाकडं बघायचं? मग ती भीती तशीच घरी आनायचो. हात असं हलायचं की कपातला चा सांडायचा. गौरा काय म्हनायची न्हाय. शेंगांचं सूप फुडं सारायची. फोडा म्हनायची, आन् आपन बी बसायची. दानं काढता काढता हात गप व्हायचं."

त्यांनी जमिनीवरचे दाणे वेचून सुपात टाकले.

"ती हुती तवर घरी भ्यायचो. आता हितं कुनाला दावायची? मग रस्त्यावर भितो. लोक हसत्यात. हसू द्या. बघत्यात तरी."

मी सूप माझ्याकडं थोडं ओढलं आणि शेंगा फोडू लागलो. बाहेर कुठंतरी एक गाडी सुरू झाली, घरघरली. तात्यांचे हात थांबले. त्यांनी दाराकडं बघितलं.

"लांब हाय ती, तात्या."

"व्हय?"

"व्हय. लांब हाय."

मग त्यांनी पुढची शेंग उचलली.