फ्रोइलानने डोळे मिचकावले

सर्व संतांच्या दिवशी, चर्चच्या घंटेने बाराचे ठोके दिले आणि पडद्यावरच्या फ्रोइलानने डोळे मिचकावले. डोन्या बेनिग्नाच्या हातातला चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, पेला टेबलक्लॉथवर कलंडला.

फ्रोइलान तिचा नवरा, आणि तो जाऊन तीन वर्षं झाली होती. तो आज येणार हे बेनिग्नाला ठाऊक होतं. पुनाता गावात या दिवशी बारा वाजता घरोघरची गेलेली माणसं जेवायला येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. त्याच्यासाठी शेंगदाण्याचं सूप होतं, चिचा होती, पावाच्या बाहुल्या होत्या, वरून उतरायला पावाचीच शिडी होती. फक्त फोटोची काच सकाळी पुसताना फुटली होती. म्हणून भाची नाइराने फ्रोइलानचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला, इंटरनेट जोडलं आणि फोटो पडद्यावर लावून पडदाच टेबलाच्या मधोमध ठेवला. नाइरा शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायची, तिला असलं सुचायचं.

आजवर फ्रोइलान यायचा आणि गुपचूप जेवून जायचा. डोळे कधी मिचकावले नव्हते.

"पुन्हा मिचकावले!" प्रार्थना म्हणायला आलेली शेजारीण सातुर्निना ओरडली. "बेनिग्ना, रागावलाय गं तो."

"कशाला रागावेल?" बेनिग्ना म्हणाली खरी. पण कारण तिला माहीत होतं. पावाच्या भट्टीवाल्या डॉन कासिमिरोने तिला लग्नाचं विचारलं होतं आणि "फ्रोइलान येऊन जाऊ दे, मग सांगते," असं ती म्हणाली होती. मनात मात्र 'हो' तयार होतं. ते आपल्याशिवाय कुणालाच माहीत नाही, अशी तिची समजूत होती.

"मावशी, केबल सैल असेल," नाइरा म्हणाली. तिने टेबलाखाली वाकून केबल घट्ट केली. फ्रोइलानने दोनदा डोळे मिचकावले.

तेवढ्यात दारातून गरम पावाचा वास आला. पाठोपाठ पाटी घेऊन कासिमिरो उंबऱ्यावर आला. पडदा काळा झाला, उजळला, थरथरला.

"बघ, बघ! हे दिसले आणि कसा खवळला!" सातुर्निना म्हणाली.

"मी... मी पाव ठेवून जातो," कासिमिरो दारातूनच म्हणाला.

"थांबा काका," नाइरा म्हणाली. "तुमच्या भट्टीतला मॉनिटर घेऊन या. हाच खराब आहे का ते कळेल."

कासिमिरोने स्वतःचा मॉनिटर उचलून आणला. जोडला. फ्रोइलान त्यावर हसतमुखाने उगवला आणि कासिमिरोच्या तोंडावरच डोळे मिचकावू लागला.

"आई गं!" कासिमिरो दोन पावलं मागे सरला. त्याची पाठ कपाटावर आदळली. "माझ्या मॉनिटरमध्ये शिरला हा! उद्या भट्टीतही येईल!"

"अहो, उलट बरं झालं," नाइरा म्हणाली. "दोन्ही पडदे मिचकावतात, म्हणजे दोष पडद्यात नाही." तिने तीन बटणं एकदम दाबली. चालू कामांची एक खिडकी उघडली. तीही फोटोबरोबर थरथरत होती. "नुसता फोटोच हलला असता तर गोष्ट वेगळी. इथे सगळंच हलतंय. दोष ड्रायव्हरचा आहे, पडदा चालवणाऱ्या प्रोग्रामचा. दोन मिनिटांचं काम. पडदा जरा काळा होईल, मग..."

"खबरदार!" बेनिग्ना मध्ये उभी राहिली. "तो जेवतोय. पाहुणा जेवताना दिवा मालवतेस?"

"मावशी, अगं..."

"अंधारात वाट चुकला तर? इथेच राहिला तर? उद्या बारापर्यंत कुणी हात लावायचा नाही!"

मग कुणीच हात लावला नाही. बेनिग्ना रात्रभर पडद्यासमोर खुर्ची टाकून बसली. तिने सूप गरम केलं, मीठ कमी पडलं असेल म्हणून मीठ घातलं, पेला पुन्हा भरला. तो मिचकावतच राहिला. पहाटे तिने हात जोडले. "बरं बाबा. नाही म्हणते मी त्यांना. झालं?"

पडदा थरथरला. तिला वाटलं, तो 'हो' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाराची घंटा झाली. सातुर्निनाने शेवटची प्रार्थना म्हटली. सगळ्यांनी फ्रोइलानला निरोप दिला. कासिमिरो टोपी हातात घेऊन उभा होता.

"डॉन कासिमिरो," बेनिग्ना खाली बघत म्हणाली, "तुम्ही चांगले आहात. पण तो नको म्हणतोय."

कासिमिरोने मान हलवली. मग तो आपला मॉनिटर काढायला गेला. तिथे नाइरा आधीच बसली होती.

"जरा थांबा काका. गेले ना फ्रोइलानकाका? आता तरी हात लावू?"

तिने बटण दाबलं. पडदा काळा झाला. उजळला. फ्रोइलान शांत, हसरा, डोळे उघडे.

"गेला म्हणून शांत झाला," सातुर्निना म्हणाली.

"असं? मग आता बघा." नाइराने पुन्हा काहीतरी दाबलं. फ्रोइलान मिचकावू लागला. बेनिग्नाने छातीवर क्रूसाची खूण केली. नाइराने पुन्हा दाबलं. फ्रोइलान शांत. "काका काय बटणावर ये-जा करतात? कॉम्प्युटरची बोली वेगळी, पडद्याची वेगळी. मध्ये दुभाषा लागतो, तो ड्रायव्हर. बाजारात डोंगरातली माणसं क्वेचुआ बोलतात आणि व्यापारी स्पॅनिश, तेव्हा मध्ये सातुर्निनाबाई असतात ना, तसा. तो अडखळला की पडदा मिचकावतो."

"मी नाही हं अडखळत," सातुर्निना म्हणाली.

"तुम्ही नाही. हा नवा अडखळतो. कॉम्प्युटर तीन वर्षं बंद होता. काल इंटरनेट मिळाल्याबरोबर त्याने आपणहून नवा दुभाषा उतरवून घेतला, तो नेमका बाराला कामावर रुजू झाला. या जुन्या कॉम्प्युटरशी त्याचं जमेना. मी पहिला परत बसवला."

बेनिग्ना पडद्याजवळ सरकली.

"म्हणजे तो रागावला नव्हता?"

"नाही मावशी."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"माझ्या दारात दुसरा माणूस पाव घेऊन उभा, आणि ह्याला काहीच नाही?" तिचा आवाज चढला. "रात्रभर मी सूप गरम करतेय! मीठ घालतेय! आणि हा मुकाट्याने जेवून गेला? जिवंतपणीही असाच होता. मी नवा स्कर्ट घालून समोर उभी राहायचे, तर हा मीठ मागायचा!"

तिने पाटीतली पावाची बाहुली उचलली, मोडली आणि अर्धी कासिमिरोच्या हातात ठेवली. "हो," ती म्हणाली. "लग्न करते मी तुमच्याशी. ऐकलंत ना?"

कासिमिरोने आधी पडद्याकडे पाहिलं. फ्रोइलान हलला नाही. मग त्याने बाहुली खाल्ली.

सगळे अंगणात गेल्यावर बेनिग्ना मागे रेंगाळली. तिने पडद्यावरची धूळ शालीच्या टोकाने हलकेच पुसली आणि नाइराला कोपऱ्यात ओढलं.

"तो नवा दुभाषा फेकून नाही ना दिलास?"

"नाही. का गं?"

"पुढच्या वर्षी, बाराला..." बेनिग्नाने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "थोडा वेळ बसव. फार नको. एकदाच मिचकावू दे."