अभिप्राय चोवीस तासांच्या आत

स्वतःची पाठ स्वतःला नीट थोपटता येत नाही, एवढी एक त्रुटी सोडली तर मानवी शरीर साहित्य आणि कलेच्या निर्मितीस सर्वार्थाने योग्य आहे. ही त्रुटी दूर करण्यासाठीच आमचे लेखक-कलावंत परस्पर प्रोत्साहन मंडळ स्थापन झाले. मी मंडळाचा चिटणीस. चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत दर रविवारी सकाळी दहाला आमची सभा भरते.

मंडळाचे सेहेचाळीस सदस्य आहेत. लेखक एकोणतीस, चित्रकार अकरा, मूर्तिकार दोन आणि उरलेले चार 'बहुआयामी' (म्हणजे अजून काहीच केलेले नाही). वाचक म्हणून सदस्यत्व मिळत नाही. एका गृहस्थांनी तसा अर्ज केला होता; पण त्यांचे कौतुक नेमके कशाबद्दल करायचे हे कोणालाच ठरवता येईना, तेव्हा तो खेदपूर्वक फेटाळावा लागला.

कार्यपद्धती सोपी आहे. एखाद्या सदस्याने कलाकृती जाहीर केली की बाकीच्या पंचेचाळीस जणांनी चोवीस तासांच्या आत लेखी अभिप्राय द्यायचा. पूर्वी ही मुदत महिन्याची होती. त्यामुळे काही जण पुस्तक वाचायला बसत आणि मग त्यांचा अभिप्राय येतच नसे. मुदत कमी केल्यापासून हा दोष समूळ नाहीसा झाला. अभिप्रायासाठी मंजूर शब्दांची यादी आहे: 'अप्रतिम', 'अंतर्मुख करणारे', 'शब्दच नाहीत' इत्यादी. ('शब्दच नाहीत' हे लेखकांनी एकमेकांना म्हणू नये अशी एक सूचना आली आहे, ती विचाराधीन आहे.) आमच्या दंतवैद्य चित्रकारांची चित्रे वाटेत कुठेतरी अडकली आणि त्यांचे प्रदर्शन रिकाम्या भिंतींवरच सुरू झाले, तेव्हाही रंगसंगतीबद्दलचे चव्वेचाळीस अभिप्राय वेळेत आले. पंचेचाळिसावा सदस्य रुग्णालयात होता. शुद्धीवर येताच त्याने दिलगिरी कळवली.

अशा या गुण्यागोविंदाने चाललेल्या संसारात मिठाचा खडा टाकला तो मीटरवाल्या काकांनी. काकांनी चौतीस वर्षे घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचले आणि निवृत्तीनंतर पुस्तक लिहिले. विषय, त्यांची पत्नी. ती तीन वर्षांपूर्वी गेली. पुस्तकाची दोनशे बारा पाने आहेत आणि बांधणी मजबूत आहे. नियमाप्रमाणे त्यांना चव्वेचाळीस अभिप्राय मिळाले. (एक कमी का, ते पुढे येईल.) दुसऱ्या कोणी ते चौकटीत लावून घेतले असते. काका मात्र सभेत उभे राहिले आणि म्हणाले, "सगळ्यांचे आभार. पण मला एवढंच सांगा, ती दिसते का हो त्यात?"

कार्यपद्धतीत उपप्रश्नाची तरतूद नाही. अध्यक्षांनी (निवृत्त मुख्याध्यापक, चौदा काव्यसंग्रह) "अप्रतिम दिसते" असा निर्वाळा दिला आणि पुढचा विषय घेतला. पुढच्या रविवारी काका पुन्हा उभे. "कुठल्या पानावर दिसते?" तेव्हा मूर्तिकारांपैकी एक म्हणाला, "सगळ्याच," आणि त्याच्या प्रसंगावधानाबद्दल त्याला सात अभिप्राय मिळाले. काका खाली बसले. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता, हे मी पाहिले. इतिवृत्तात लिहिले नाही.

राहिलेला एक अभिप्राय औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या बाईंचा होता. त्या कथा लिहितात. मुदत उलटून अकरा दिवस झाल्यावर त्या पुस्तक घेऊनच सभेला आल्या. त्यात जागोजागी गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या खुणेला घातलेल्या होत्या. एकूण रंग ठीक दिसेना.

"काका," त्या म्हणाल्या, "तुम्ही त्यांचे हात लिहिलेत, साड्या लिहिल्यात, आजारपण लिहिलंत. पण दोनशे बारा पानांत त्या एकदाही बोलत नाहीत. एक वाक्यसुद्धा नाही."

सभागृहात सुई पडली असती तरी ऐकू आली असती. (सभागृह म्हणजे बारा बाय पंधराची खोली, सुई एरवीही ऐकू येते.)

काका म्हणाले, "खूप बोलायची हो ती. दिवसभर. लिहायला बसलो तर मला काही आठवेना. ऐकलंच नव्हतं ना मी."

"भांडायच्या तेव्हा काय म्हणायच्या?"

काकांनी डोळे मिटले. "म्हणायची, सगळ्या गावाचे आकडे बघत फिरता, माझ्या तोंडाकडे कधी बघणार?" आणि ते तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्या, रडू लागले. रडता रडता हसलेही. "असंच म्हणायची. अगदी असंच!"

या प्रकाराची गंभीर दखल घेण्यात आली. बाईंवर तीन आरोप ठेवले: मुदतीत अभिप्राय न देणे, यादीबाहेरचे शब्द वापरणे आणि पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचणे, तेही दोनदा. बचावात त्या म्हणाल्या, "पहिलं पान चाळायला घेतलं आणि राहवलंच नाही." म्हणजे पश्चात्तापाचा लवलेश नाही. त्यांचे सदस्यत्व एकमताने रद्द झाले. काकांनी त्याच बैठकीत राजीनामा दिला. मंडळाने दोघांनाही 'अप्रतिम निर्णय' असे कळवले. आमच्या मनात कटुता नसते.

हल्ली ती दोघे मंगळवारी दुपारी औषधांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसलेली दिसतात. काका वाचून दाखवतात, बाई मध्येच "हे खोटं वाटतंय" म्हणतात आणि काका निमूटपणे खोडतात. अशाने कोणाचे नाव होणार? या सगळ्यात वर्षभर गेले. तेवढ्या काळात आमच्या अध्यक्षांचे तीन संग्रह आले. मी रस्त्याच्या पलीकडून हे नेहमी पाहतो. (माझी सात पुस्तके आहेत, अभिप्राय तीनशे पंधरा. एवढे असून मला त्या बाकाचा हेवा वाटतो. माझे एखादे पान तरी खोटे आहे, असे मला आजवर कोणी सांगितलेले नाही.)

काकांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली आहे. तिच्यात ती बोलते म्हणे. काकांनी मला दोन प्रती पाठवल्या, एक माझ्यासाठी आणि एक जो मागेल त्याच्यासाठी. मी 'अंतर्मुख करणारे' असे तासाभरात कळवून टाकले.

त्यानंतर मी ही सारी हकिकत लिहून काढली आणि मंडळाबाहेरच्या तेवीस सुजाण व्यक्तींना वाचायला दिली. तेवीसही जणांनी आमच्या मंडळाला मनसोक्त नावे ठेवली, काकांसाठी हळहळ व्यक्त केली आणि मी फार छान लिहितो असे आवर्जून कळवले. ती दुसरी प्रत अजून माझ्या टेबलावर तशीच आहे. तुम्हीही आता इथवर आला आहात, तेव्हा तुमचा अभिप्राय चोवीस तासांत येईल याची मला खात्री वाटते. पुस्तकाचे नाव तुम्हीही विचारलेले नाही.