चिंचशेतात एसटी आणणारे कैलासवासी

शारिकच्या व्हिजिटिंग कार्डावर मधोमध एक डोळा होता आणि डोळ्याखाली मजकूर: ‘शारिक, आंतरतालुका गुप्तहेर. कर्जत व खालापूर. खून, चोरी, प्रकल्प, प्रबंध.’ खून आणि चोरी या खात्यांकडे आजवर कोणी फिरकलं नव्हतं. प्रकल्प खात्यात आज पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि ती त्याची दहिवलीची चुलतबहीण सफुरा होती. तीही काही कार्ड बघून आली नव्हती. शारिककडे बाईक होती.

“माझी नजर म्हणजे नजर नाही,” बाईक चालवताना मागं वळून तो सांगत होता, “एक्सरे आहे.”

“पुढं बघ, शारिकभाई. म्हैस आहे.”

“पाहिली.”

म्हशीनं त्याला आधी पाहिलं, म्हणून तिघंही वाचले.

सफुराचा शेवटच्या वर्षाचा इतिहासाचा प्रकल्प होता ‘चिंचशेत गावात एसटी आणणारे कै. भाऊसाहेब’. उज्वला मॅडमनी तो काल परत केला. संदर्भ चार होते. गावची स्मरणिका शाळेच्या वार्षिकांकाचा हवाला देत होती, वार्षिकांक एका ब्लॉगचा, ब्लॉग गेल्या वर्षीच्या एका प्रकल्पाचा आणि तो प्रकल्प पुन्हा स्मरणिकेचा.

“ही साधनं नाहीत, ही फुगडी आहे,” मॅडम म्हणाल्या होत्या. “सगळी दुय्यम. एकानं दुसऱ्याचं ऐकून लिहिलंय. मला प्राथमिक साधन हवं. त्या वेळचा कागद, फोटो, नाहीतर तिथं हजर असलेलं माणूस. उद्या पाचच्या आत. नाहीतर शून्य.”

शून्य म्हणजे नापास. नापास म्हणजे आणखी एक वर्ष त्याच वर्गात, शारिकच्या शेजारी. शारिक त्या वर्गाचा गेली तीन वर्षं बारकाईनं तपास करत होता.

चिंचशेतच्या ग्रामपंचायतीत ग्रामसेवक नव्हते, मीटिंगला गेले होते. बाकावर एक आजी दाखल्यासाठी बसल्या होत्या. शेजारी एक आजोबा भिंतीला डोकं टेकून घोरत होते. त्यांच्या डोक्यावरच तो फोटो टांगलेला होता. एसटीचं लाल नाक, त्यापुढं गळ्यात हार घातलेला एक सडपातळ माणूस. खाली पाटी: ‘कै. भाऊसाहेब’.

शारिकनं खिशातून भिंग काढलं. ते त्याच्या पुतण्याच्या कंपासपेटीतलं होतं आणि त्यातून सगळं थोडं निळं दिसायचं.

“हा मंत्री आहे,” तो म्हणाला. “हार घालूनही हसत नाही.”

“मंत्र्याबरोबर माणसं नसतात का?”

“शाबास, मी हेच म्हणणार होतो. हा मंत्री नाही, ड्रायव्हर आहे. नीट बघ. ड्रायव्हरची सीट रिकामी. म्हणजे ड्रायव्हर खाली उतरलाय. खाली कोण आहे? हा. गणित सुटलं.”

“ड्रायव्हरला एवढे चकचकीत बूट?”

शारिक बुटांवर झुकला. तोल सांभाळायला त्यानं आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला. आजोबांनी घोरण्याची पट्टी बदलली, बाकी काही नाही.

“बूट नवे. नवे बूट चावतात. तरी हा उभा आहे. म्हणजे त्याग. सफुरा, लिही, हा क्रांतिकारक होता.”

“एसटीसाठी?”

“बसच्या पाटीवर काय लिहिलंय?”

पाटीचा डावा भाग फोटोच्या कडेला संपत होता. उरलेलं दिसत होतं: ‘…गिक करार’.

“करार,” शारिक कुजबुजला. “सरकार आणि चिंचशेत यांच्यात गुप्त करार झाला होता. म्हणून तर चारही पुस्तकांत त्याचा उल्लेख नाही.”

सफुराला त्या माणसाच्या कोपराशी काहीतरी दिसलं. फ्रेमच्या कडेतून चार बोटं आणि दोन बांगड्या बाहेर आल्या होत्या.

“हे कोण?”

“अंगरक्षक.”

“बांगड्या घालून?”

“वेषांतर,” शारिक म्हणाला, आणि स्वतःच्या हुशारीनं क्षणभर स्वतःच गहिवरला.

“ती मी हाय,” बाकावरून आवाज आला.

“आजी, तपास चालू आहे. साक्षीदारांनी मध्ये बोलू नये.”

सफुरानं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि आजींसमोर उकिडवी बसली. “आजी, काय म्हणालात?”

“ती बोटं माजी हायत गं. मी जानकीबाई. ह्ये माजं माहेर, आता आमी रसायनीला असतो. आन तो भाऊसायब नाय, आमचा नवरदेव हाय. वऱ्हाड घेऊन आलावता एसटीनं. फोटोवाला बोलला, हात धर. मी धरला. बापूस आठ दिवस बोलला नाय माज्याशी.”

“मग तुम्ही फोटोत का नाही?”

“हाय की. फ्रेम ल्हान व्हती. गावात एसटीचा ह्यो येकच फोटो. सरपंच बोलला, एसटी दिसली पायजे. मंग मला दुमडली आन खाली भाऊसायबाची पाटी लावली.”

सफुरानं फ्रेम उतरवली, पाठीमागचा पुठ्ठा सरकवला, घडी उलगडली. लग्नाच्या पांढऱ्या साडीतली, डोळे वटारून कॅमेऱ्याकडं बघणारी मुलगी बाहेर आली. तिच्या डोक्यावर पाटीचा उरलेला तुकडा होता. ‘प्रासंगिक करार’. म्हणजे लग्नासाठी ठरवलेली गाडी. मागच्या बाजूला शाईनं लिहिलं होतं: ‘जानकी आणि श्रीपत, १९७९’.

“आणि मग गावात एसटी कधीपासून सुरू झाली?”

“कदी झाली?” जानकीबाईंनी उलट विचारलं. “आमी आत्ताच फाट्यावरनं टमटमनं आलो.”

सफुरा खाली बसली. चार संदर्भ, सत्तावीस पानं आणि एक कैलासवासी, आणि गावात एसटी येतच नाही. शारिकनं भिंग खिशात ठेवलं. “माझा पहिल्यापासून टमटमवर संशय होता,” तो म्हणाला.

सव्वादोन वाजले होते. सफुरानं मॅडमना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं.

“विषय बदल, हेच लिही,” मॅडम म्हणाल्या. “पण एका साक्षीवर नको. लग्नाला हजर असलेलं आणखी कोणी आहे का?”

जानकीबाईंनी शेजारच्या आजोबांना ढोसलं. “अवो, उठा. तुमाला इचारतायत.”

आजोबांनी डोळे किलकिले केले. भाऊसाहेबांना वैकुंठातून परत यायला एवढाच वेळ लागला.

“श्रीपतआजोबा,” सफुरानं पेन सरसावलं, “तुमच्या लग्नात एसटी कशी आली, ते सांगता का?”

श्रीपतआजोबांनी बराच विचार केला. मग बायकोकडं पाहिलं.

“कशी आली गं?”

“माज्या मामानं ठरवली.”

“हिच्या मामानं ठरवली,” आजोबांनी सफुराला सांगितलं.

“आन मधी चिखलात रुतली.”

“मधी रुतली चिखलात.”

फोनमधून मॅडमचं हसणं ऐकू आलं. “चालेल. उलगडलेल्या फोटोची प्रत जोड आणि पाचच्या आत आण.”

सफुरा तिथंच बाकावर लिहायला बसली. गुप्तहेराला तिनं फोटोची झेरॉक्स आणायला पिटाळलं. त्या कामात त्याचा खरंच हात धरणारा कोणी नव्हता. शेवटच्या पानावर ती यादी करू लागली तशा जानकीबाई डोकावल्या.

“काय लिवलंस, वाच की.”

“प्राथमिक साधन, जानकीबाई. दुय्यम साधन, श्रीपत.”

“दुय्यम म्हंजे?”

“म्हणजे जो स्वतःचं सांगत नाही. दुसऱ्याचं ऐकून सांगतो.”

जानकीबाईंनी शेजारी पाहिलं. श्रीपतआजोबा पुन्हा घोरू लागले होते.

“बरोबर लिवलंस,” त्या म्हणाल्या. “लग्न झाल्यापासून तसाच हाय.”