डोलीचा नमुना

भागोजीच्या नातीचं, अपेक्षाचं, लग्न झालं ते साल २०२४. मांडव उतरून पंधरा दिवस होतात तोच महाडहून एक साहेब पोलादपूरच्या डोंगरावरच्या त्या वाडीत चढून आले. सदर वाडीत माणुसकी आढळते, अशी नोंद त्यांच्या कार्यालयात झाली होती.

वाडीला रस्ता नाही. कोणी आजारी पडलं की घोंगडीची डोली बांबूला बांधायची आणि चौघांनी आळीपाळीने दीड तास उतरून डांबरी गाठायची. बोलवावं कोणाला लागत नाही. हाक ऐकली की माणूस हातातला घास ठेवून निघतो. ही गोष्ट निसर्गाने दिलेली की माणसाने बनवलेली, एवढंच साहेबांना ठरवायचं होतं.

"निसर्गाची असेल तर विषय वन खात्याचा, माणसाची असेल तर बांधकामाचा," ते म्हणाले. "ठरलं की तुमच्या रस्त्याची फाइल हलेल."

रस्ता म्हटल्यावर सगळे ओटीवर येऊन बसले.

"डोली उचलताना मनात काय येतं?"

"काय येत नाय. पाय निघतात," भरत म्हणाला. साहेबांनी लिहिलं: उपजत.

"जरा फीलिंग येते, सर," मुंबईहून परतलेला सुधीर म्हणाला. मानवनिर्मित, परजिल्हा.

"नाय गेलो तर आय जेवाया वाढनार नाय," अक्षय म्हणाला. मानवनिर्मित, दबावाखाली.

"बापान शिकवलान," भागोजी म्हणाला. मानवनिर्मित, वडिलोपार्जित. मग त्यानेच विचारलं, "नि तुमची कंची, सायेब?"

साहेबांनी चष्मा पुसला. "माझी नेमणूक आहे."

आठवड्याने पत्र आलं. दुसऱ्या फेरीचं निरीक्षण होईपर्यंत मानवनिर्मित व्यक्तींनी डोलीस हात लावू नये. लावल्यास नमुना दूषित धरून रस्त्याची फाइल बंद करण्यात येईल. भरतला प्लास्टिकमध्ये घातलेला दाखला मिळाला. तो त्याने देवाच्या फोटोशेजारी लावला, आणि तेव्हापासून तो चालताना स्वतःच्या पायांकडे कौतुकाने बघू लागला.

जुलैत भागोजीच्या थोरल्या बहिणीच्या, बनुबाईच्या, छातीत कळ आली. डोली बांधली. भरत पुढे उभा राहिला. मागे कोणीच नाही.

"अरे, धरा की रे!" भागोजी ओरडला.

"नाना, रस्ता जाईल," सुधीर खाली बघत म्हणाला. "उद्या अपेक्षा बाळंतपणाला आली तर?"

भागोजीने रेंज मिळते त्या टेपावर चढून साहेबांना फोन लावला.

"भरतना एकट्याला जमतंय का बघा," साहेब म्हणाले. "नाहीतर लेखी विनंती करा. सूट देण्याबाबत वर विचारतो."

डोलीतून बनुबाई कण्हत म्हणाली, "भाग्या, माजा काय लिवलाय रे सायबान? नसंल लिवला तर मी आपली चालत जातंय."

भागोजीने पाऊण तास विचार केला. त्याच्या बापाने त्याला डोली उचलायला शिकवलं होतं. डोलीपाशी उभं राहून विचार करायला तो पहिल्यांदाच शिकत होता. शेवटी त्याने पत्र घोंगडीखाली कोंबलं आणि बांबू खांद्यावर घेतला. मग सुधीर आला, अक्षय आला. मान वर करून कोणी कोणाकडे बघितलं नाही.

नमुना दूषित झाला. तपास चालू आहे.

इथवर वाचून, उपजत की मानवनिर्मित, शेवटी ठरलं काय, ही उत्सुकता आपल्यालाही लागली असेल. साहेबांनाही तीच होती. बनुबाई गुरुवार, ११ जुलै २०२४ रोजी सकाळी दहाच्या सुमारास, डांबरी दोन वळणांवर असताना, डोलीतच वारली.